गिरणीमागच्या दलदलीचं शून्य

२८ एप्रिल
एकही नाही! लाकडाच्या गिरणीमागच्या दलदलीपाशी अंधार पडेपर्यंत बगळ्यासारखा उभा होतो. थंडीने नाक गळायला लागलं. पीपर शून्य! एवढासा नखाएवढा बेडूक, पण बर्फ वितळलं की हजारोंनी जमून शिट्ट्या मारतात. यंदा चिडीचूप. जाडे बेडूक मात्र खुशाल डराव डराव करत होते. त्यांचं काय, ते गटारातही जगतात.

तीस वर्षं प्रांताच्या पर्यावरण अहवालातलं बेडकांचं प्रकरण मी लिहितोय. ऑफिसात मला ‘बेडूकसाहेब’ म्हणतात. थट्टेने म्हणे. मला आवडतं.

३ मे
पुन्हा गेलो. पुन्हा शून्य. घरी येऊन पीपरांवर दोन परिच्छेद लिहिले — इतके सुंदर उतरले की वाचताना माझंच मन भरून आलं. तेवढ्यात व्हर्ना धावत आली. दर शनिवारी ओव्हनमध्ये शिजवतो ते बीन्स करपले होते.

“ओव्हनची घंटी कधीची बोंबलतेय! इथेच बसलायस ना?”

थोर कार्यात गुंतलेल्या माणसाला बायको बीन्सचं विचारते!

६ मे
क्लॉदेतने केबिनमध्ये बोलावलं. माझी साहेब, वयाने माझ्या मुलीएवढी.

“वेंडेल, तिथे पीपर नाहीत असं छापलं की दलदल मेली म्हणून समजा. रस्तेवाले टपूनच बसलेत. बायपास तिथूनच काढतील.”

“मग काय, खोटं लिहू?”

“तसं नाही हो. एकदा दुसऱ्या कुणाला तरी पाठवूया का?”

दुसऱ्या कुणाला! असा भडकलो! “हे कान या खात्यात आले तेव्हा तू शाळेत जात होतीस,” असं सुनावलं आणि दार आपटून बाहेर पडलो. मग परत आत जावं लागलं. कोट तिथेच राहिला होता.

७ मे
जेवण गेलं नाही. लहानपणी बाबांनी मला पहिल्यांदा तिथेच नेलं होतं. एक आकडा खोटा टाकला तर दलदल वाचते. खरा टाकला तर तिच्यावरून ट्रक जाणार, आणि ते मी माझ्या हाताने करायचं! पण एकदा खोटं लिहिलं की माझं बाकीचं तरी कोण खरं मानेल? रडलो चक्क. रडता रडता आपण किती तत्त्वनिष्ठ दिसत असू, असंही मनात आलं. नालायक माणूस आहे मी.

९ मे
शून्य लिहून दिलं. सोमवारी छापायला जाणार.

११ मे
क्लॉदेतला घरी फोन केला — म्हणजे व्हर्नानेच केला, मी शेजारी उभा होतो. छपाई थांबवायला सांगितलं. उद्या क्लॉदेत स्वतः दलदलीवर जाणार आहे.

झालं असं — संध्याकाळी दलदलीचा निरोप घ्यायला गेलो. व्हर्नालाही आग्रहाने नेलं. काठावर उभा राहिलो, टोपी काढली, मान खाली घातली. काय ती भयाण शांतता! व्हर्नालाही भरून आलं असेल म्हणून तिच्याकडे बघितलं. तिने दोन्ही कानांत बोटं घातली होती.

“आटप ना लवकर!” ती माझ्या कानाशी येऊन ओरडली. “शिट्ट्या मारून मारून डोकं उठवलंय मेल्यांनी!”