बांगड्यांखालची रेघ

९ नोव्हेंबर १८९९, ठाणे
यमू दिवाळीला माहेरी आलेली. गोधडी शिवताना सुई तळहातात मोडली, टोक सापडेना. मुंबईचे एक डॉक्टर हाडांची तसबीर काढायचे यंत्र घेऊन इथे आलेत. उद्या नेतो. सौ.ची अट: सवाष्णीच्या बांगड्या उतरवायच्या नाहीत. पोरीने त्या कोपरापर्यंत चढवल्यात. एवढी हौस कधीपासून?

१० नोव्हें.
सुई निघाली. पण तसबिरीत हात कोपरापर्यंत आला, आणि मनगट-कोपरांच्या मधे करंगळीकडच्या हाडावर आडवी रेघ, भोवती गाठ. बांगडीची सावली असेल, मी म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "असेलही. बांगड्या काढून पुन्हा आणा."

११ नोव्हें.
वैद्यबुवा म्हणतात वात. सौ. म्हणते, यंत्रच अभद्र. या सगळ्या अकलेचा वीट आला.

१२ नोव्हें.
सौ. कशीबशी राजी. मनगटाला हळदीचा दोरा बांधून बांगड्या उतरवल्या. तसबिरीच्या दुसऱ्या काचेवरही रेघ तिथेच. डॉक्टर: "जुने मोडलेले हाड, आपोआप जुळलेय. हाड मुळात ठिसूळ नाही. पडले तर बहुधा मनगटाशी मोडते. करंगळीकडचे एकच हाड असे मधे मोडते, ते घाव हातावर झेलला की."
यमू म्हणाली, "विहिरीवर पाय घसरला होता, अण्णा."
कोर्टात मी जबान्या लिहितो. मार खाल्लेल्या बायकांचे हे वाक्य मला पाठ आहे.

१३ नोव्हें.
आज बोलली. "चुलीची फुंकणी होती." सासूने? "नाही." मग पुढे विचारवेना.
गेल्या संक्रांतीला आली तेव्हा हात दुखतो म्हणत होती. वैद्यबुवांचे तेल मीच चोळले, आठवड्याने मीच कल्याणला सासरी पोचवून आलो. जावयाची किळस येते. त्याला केलेल्या मानपानाची येते. माझ्या या हातांची सगळ्यात जास्त.

१४ नोव्हें.
व्याह्यांचे पत्र. परवा जावई न्यायला येणार. सौ. लाडू वळते आहे. म्हणे, "लोकांना काय सांगायचं?" पत्राला उत्तर लिहिलेले नाही.
दुपारी कासारीण आली. यमूने हात पुढे केला. "कोपरापर्यंत भर गं."
मी ओसरीवरून ओरडलो, "चारच भर!"
डॉक्टरांकडून रेघेची ती तसबिरीची काच मागून आणली. ओसरीच्या खिडकीत उजेडाला उभी केलीय. जावयाचा पाट समोरच मांडतात.