खांबावर चढणाऱ्याचा शब्द

९ फेब्रुवारी १९८७, सोमवार. सौंसर

सामान आणायला पांढुर्ण्याच्या स्टोअरला गेलो होतो. परत यायला तीन वाजले. पाहतो तर रामाकोन्याची लाइन सकाळी दहापासून बंद, आणि माझी तिन्ही माणसं ऑफिससमोरच्या लिंबाखाली. शेषराव तर चक्क आडवा.

"काहून रे?"

"तुमची वाट पाहून राहिलो होतो, साहेब."

एका फ्यूजचं काम! पाच तास गाव बिनपाण्याचं. संत्र्याला आंबिया बहाराचं फूल लागलेलं, लोकांचे पंप बंद. तोंडाला येईल ते बोललो. बाबाराव वर पाहत राहिला. किसनभाऊंनी नेहमीसारखी मान खाली घातली, "हाव साहेब." बावीस वर्षं नोकरी झाली या माणसाची, दुसरा शब्द ऐकला नाही मी त्यांच्या तोंडून.

घरी शर्ट काढताना खिसे रिकामे केले. परमिट बुक माझ्या खिशात. सामानाच्या पेटीची किल्ली माझ्या खिशात. तक्रारींची वही माझ्या पिशवीत. सुमन म्हणाली, "मंग त्यायनं दातानं बसवाचा होता काय फ्यूज?"

हसू आलं, मग लाज वाटली. लाइन इन्स्पेक्टर होऊन पाच महिने झाले आणि मी अजून एकटाच लाइनमन आहे.

१० फेब्रुवारी

सकाळी तिघांना बसवलं. किल्ली शेषरावला. काय लागतं, काय मोडलं, काय स्टोअरला परत करायचं, तो ठरवेल. तक्रारींची वही बाबारावला. कोणाकडे आधी जायचं ते तो पाहील. परमिट बुक किसनभाऊंकडे. ते घेईनात. "मी कायले? तुमीच ठेवा." हातात कोंबलं.

आणि एक नियम केला. तार बंद केल्याचा सब-स्टेशनचा कागद, म्हणजे परमिट, हातात आल्याशिवाय कोणी चढायचं नाही. चढणाऱ्याला वाटलं नाही चढायचं, तर नाही. खांबावर चढणाऱ्याचा शब्द शेवटचा, माझ्याही वर.

शेषराव हसला. "जे.ई. साहेबाच्याबी वर?"

"त्याच्याही वर." जे.ई. म्हणजे ज्युनियर इंजिनियर, माझा वरचा साहेब; तरी मोठ्या तोऱ्यात बोललो. बोलायला काय जातं.

१६ फेब्रुवारी

बाबारावने कमाल केली. तक्रार आली त्या नंबरानेच गेला. गावच्या पाटलाचा नंबर सातवा. पाटील ऑफिसात येऊन टेबलावर मूठ आपटून गेले. मी मधे पडलो नाही. म्हणजे दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. बाबारावच बोलला त्यांच्याशी, अगदी थंडपणे, वही उघडून दाखवून. हे त्याला जमतं ते मला माहीत नव्हतं. मला नसतं जमलं, मी भांडलो असतो.

११ मार्च

शेषरावने डिस्चार्ज रॉड बाद केला. तार बंद झाल्यावर आधी तो रॉड टाकून उरलासुरला करंट जमिनीत उतरवतात. त्याची केबल तुटायला आली होती. "नवा येईपर्यंत चालवू," मी म्हणालो. "नाही चालत साहेब. मी लिहून पाठवला पांढुर्ण्याले." किल्ली त्याच्याकडे, तर शब्दही त्याचाच. जीभ चावली. नवा रॉड कधी येतो देव जाणे.

हे असं गप्प बसणं खांबावर चढण्यापेक्षा अवघड आहे.

२४ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

बोरगावला एका नव्या कारखान्याचं उद्घाटन. अकराला मोठे लोक येणार. नऊ वाजता गावाबाहेरच्या डबल पोलवरचा जंपर, दोन तारा जोडणारा तुकडा, जळाला. आम्ही चौघे पोचलो, मागून जीपने जे.ई. साहेब. सब-स्टेशनला फोन करून आलेले. "लाइन बंद है, मैंने खुद बात की है. चढ़ाओ."

किसनभाऊंनी बेल्ट बांधला. शिडीला हात लावला आणि थांबले.

"परमिट?"

"कागज़ बाद में आ जाएगा."

"आन् दुसऱ्या बाजूचं?" ही तार दोन्हीकडून चालू होऊ शकते, सौंसरकडून आणि पांढुर्ण्याकडून. पांढुर्ण्याकडचा स्विच दीड कोसावर. साहेब म्हणाले, तो तर वर्षानुवर्षे उघडाच आहे. किसनभाऊ म्हणाले, "मी नाही पायला."

रॉड नाही. कागद नाही. साहेब घड्याळ पाहताहेत, कारखान्याचा मॅनेजर माझ्या कानाशी लागलेला. आणि मी, ज्याने नियम केला तो मी, म्हणालो, "चढा किसनभाऊ. मी सांगून राहिलो ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बेल्ट सोडला.

"नाही साहेब."

बाबाराव सायकलने स्विच पाहायला गेला. साहेबांनी जीप दिली नाही. कागद आणि बाबाराव यायला दोन तास लागले. स्विच उघडाच होता. तार मेलेली होती, सकाळपासून. कागद हातात आल्याबरोबर किसनभाऊ चढले, वीस मिनिटांत जंपर बांधला. तोवर पाहुणे बिनपंख्याचे, बिनमाइकचे बसून, भाषणं उरकून गेले.

साहेब एवढंच म्हणाले, "बेकार में दो घंटे."

मला राग आला आहे. साहेबांचा नाही. किसनभाऊंचा. सगळ्यांसमोर मला नाही म्हटलं.

२५ मार्च

जे.ई. साहेबांनी किसनभाऊंना कामावरून घरी बसवलं. साहेबांनी इंग्रजीत टाइप केलेला रिपोर्ट पुढे ठेवला. सुरक्षित असलेल्या कामाला नकार, वरिष्ठांची अवज्ञा. खाली माझी सही पाहिजे. सही झाली की किसनभाऊंची नोकरी राहील असं वाटत नाही.

साहेबांनी चहा मागवला. मग हळूच, "गजभिये, बाईस साल सबको हाँ बोला. आपको ही ना क्यों बोला? सोचो."

मला कळलं ते काय म्हणताहेत. किसनभाऊ कामावर आपला तांब्या घेऊन येतात. आमच्या मडक्यातलं पाणी त्यांनी कधी घेतलं नाही. मी पाहतो, बोलत नाही. आम्ही बौद्ध झालो त्याला तीस वर्षं झाली, यांचा तांब्या काही सुटला नाही.

साहेबांचं बोलणं पटलं. खोटं कशाला लिहू, पूर्ण पटलं. पेन काढलं होतं. मग म्हणालो, दोन दिवसांनी करतो.

२८ मार्च

सही केलेली नाही. नाकारलीही नाही. रिपोर्ट टिफिनच्या पिशवीत घेऊन फिरतो आहे. सुमनने विचारलं काय आहे, सांगितलं. तिने माझा डावा हात उचलला, न वाकणारी दोन बोटं दाबली. हेल्पर होतो तेव्हा अशीच एक तार "बंद आहे" म्हणून सांगितली होती. मला शंका होती. मी होय साहेब म्हणालो होतो.

मीच चिडलो, "ते वेगळं होतं."

३१ मार्च

रामाकोन्याजवळ फांदी पडली तारेवर. मी सायकलने मागून पोचलो तर बाबाराव अर्धा खांब चढून गेलेला.

"परमिट कुठं आहे?"

"येऊन राहिलं असंल."

"असंल?" मी विचारलं.

"उतर!" एवढ्या जोरात ओरडलो की शेतातली माणसं धावत आली. तो उतरला. मी विचारलं, कागद का नाही मागितला? शेषरावने उत्तर दिलं, जमिनीकडे पाहत. "किसनभाऊनं मागतला होता ना, साहेब. बसले घरी."

सहा आठवडे खपून या लोकांना बोलतं केलं, आणि एका आठवड्यात ते पुन्हा "हाव साहेब" झाले. पहिल्यापेक्षा वाईट. तेव्हा निदान लिंबाखाली बसत, आता न विचारता चढतात. मी सही केली तर या लाइनवर परत कोणी नाही म्हणणार नाही. आणि एक दिवस कोणीतरी मरेल.

किसनभाऊ बरोबर होते. तार मेलेली निघाली म्हणून ते चुकले असं होत नाही. त्यांना ती मेलेली आहे हे कळायला काही मार्ग नव्हता. मलाही नव्हता. मी नुसताच सांगत होतो.

हे समजायला सात दिवस लागले मला. बरा इन्स्पेक्टर आहे.

२ एप्रिल

किसनभाऊंच्या गावी गेलो. रामाकोन्याहून पायी. बांधावर बसून होते. मला पाहून उठले, बसा म्हणाले नाहीत, मीच बसलो.

"माझ्यावर राग होता काय? म्हणून नाही म्हटलं?"

"तुमचाच तं शब्द होता, साहेब. चढणाऱ्याचा शब्द शेवटचा. मले वाटलं, तुमी खरंच म्हणून राहिले."

तेच पुढे बोलले.

"खांबाले नाही भेलो मी कधी. त्या दिवशी तुमाले नाही म्हणताना पाय कापून राहिले होते. बावीस वर्षांत एकदा नाही म्हटलं, तेबी चुकलं."

"चुकलं नाही. माझं चुकलं."

घरातून चहा आला. किसनभाऊंना कपात, मला काचेच्या ग्लासात. ग्लास वेगळ्या कोनाड्यातून काढलेला मी पाहिला. किसनभाऊंनीही मी पाहिलेलं पाहिलं. कानापर्यंत लाल झाले, पण बायकोला काही बोलले नाहीत.

चहा प्यालो. रस्ताभर तोंड कडू. याच्यासाठी मी माझी नोकरी पणाला लावणार? हो, लावणार. ग्लासाचं भांडण मी त्यांच्याशी करणार आहे, तोंडावर करणार आहे. पण ते इन्स्पेक्टरच्या सहीने नाही करणार.

३ एप्रिल

माझा रिपोर्ट माझ्या हाताने लिहिला. मराठीतून विचार केला, हिंदीतून लिहिला, तीनदा फाडला. शेवटी अर्ध्या पानात मावला. परमिट हातात नव्हतं, रॉड नव्हता, दुसऱ्या बाजूचा स्विच कोणी पाहिलेला नव्हता. चढण्याचा हुकूम मी दिला, तो चूक होता. नकार देण्याचा हक्क मीच दिला होता. लाइनमनने काम बरोबर केलं.

जे.ई. साहेबांनी वाचून विचारलं, "आपका कन्फर्मेशन बाकी है, याद है?"

"याद है साहब." इन्स्पेक्टर म्हणून मी अजून कायम झालेलो नाही.

"वापस ले लो."

नाही म्हणालो. पाय कापत होते. किसनभाऊ खरंच सांगत होते तर.

१४ एप्रिल

जयंती. वस्तीतली रोषणाई बाबाराव आणि शेषराव दोघांनी केली, मला हातही लावू दिला नाही. "तुमी भाषणाले बसा." मिरवणूक छान झाली, पोरीबाळी पांढऱ्या साड्यांत.

वस्तीतल्या एका म्हाताऱ्याने अडवलं. "वामन, आयकून राहिलो ते खरं काय? कुणब्यापायी नोकरी घालवतं?" एवढंच म्हणालो, उद्या त्याच तारेवर आपला बाबाराव असतो. म्हाताऱ्याला पटलं नाही. मलाही जरा पटत होतं, जरा नाही.

परवा छिंदवाड्याला सुनावणी. किसनभाऊ आणि मी, दोघांनाही बोलावलं आहे.

१५ एप्रिल

उद्या मी नाही, आणि उद्याच लोधीखेड्याकडे दिवसभराचं काम निघालं आहे. पुढे ढकलू का, विचारलं. शेषराव म्हणाला, "कायले ढकलता? आमी हावो ना." सामान त्याने काढलं. नवा रॉड आला आहे, तो मला काढून दाखवला. बाबारावने परमिटचा अर्ज स्वतः लिहिला, दोन्ही बाजूंचा. मी फक्त वाचला. एक चूक दिसली, सांगणार होतो, तेवढ्यात त्याने स्वतःच खोडून नीट केली.

१६ एप्रिल, गुरुवार

सकाळच्या छोट्या गाडीने छिंदवाडा. किसनभाऊ रामाकोन्याला चढले, इस्त्रीचा सदरा घालून.

डिव्हिजनचे मोठे साहेब माणूस म्हणून बरे वाटले. दोन्ही रिपोर्ट समोर. सगळं विचारलं. मग किसनभाऊंना म्हणाले, "देखो, पुरानी नौकरी है तुम्हारी. बात ख़त्म करते हैं. बस इतना बता दो, फिर ऐसा मौका आया तो चढ़ोगे ना?"

एक "हाव साहेब" पाहिजे होतं. बावीस वर्षं जे सहज निघालं तेच. समज देऊन कामावर घेतलं असतं, माझंही प्रकरण मिटलं असतं. खरं लिहितो, मनातून मी म्हणत होतो, म्हणा किसनभाऊ, एकदा म्हणून टाका.

किसनभाऊंनी दोन्ही हात टेबलाच्या कडेला धरले.

"परमिट हातात असंल तं चढीन, साहेब."

मोठे साहेब माझ्याकडे वळले. "और आप? आप चढ़ाओगे?"

"इनसे पूछूँगा, साहब."

त्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं. आम्हाला दिसलं नाही. पत्र येईल म्हणाले, जा.

परतीच्या गाडीत किसनभाऊ खिडकीपाशी. रामाकोना यायला लागलं तेव्हा बोलले.

"मी हाव म्हटलं असतं तं तुमचं निपटलं असतं ना, साहेब?"

"निपटलं असतं."

"तुमाले वाटे, मी म्हणावं?"

"वाटलं होतं."

गाडी थांबली. ते उठले, सदरा नीट केला, उतरता उतरता म्हणाले, "मलेबी." आणि फलाटावरून मागे न पाहता गावाच्या वाटेला लागले.

सौंसरला उतरून आधी ऑफिसात गेलो. काम चारला संपलं होतं, दोघांच्याही सह्यांसकट वही बंद होती. मला विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. छिंदवाड्याचं पत्र कधी येईल ते सांगता येत नाही.