मुंडावळ्यांचे दुकान कोणाला द्यायचे याविषयी

मृत्युपत्र

मी, श्रीमती प्रेमला वैजनाथ रिसबूड, वय वर्षे ७३, धंदा मुंडावळ्या करणे व विकणे, राहणार कसबा पेठ, पुणे, आज सोमवार, दिनांक १६ फेब्रुवारी २०२६ रोजी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने करून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याची खात्री डॉ. सुरुची केतकर यांनी केली आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितलं. मी दोनपर्यंत उतरले, तेव्हा त्याच म्हणाल्या, "पुरे, प्रेमलाताई." माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. आणून बघायला माझी हरकत नव्हती.

मृत्युपत्र आत्ताच करण्याचं कारण असं, की गेल्या महिन्यात जिन्यावरून पाय घसरला आणि डावा पाय प्लास्टरात गेला. भेटायला आलेल्या प्रत्येकाने आधी पायाकडे पाहिलं आणि मग खिडकीतून खाली दुकानाकडे. दुकान कोणाला, हे तोंडाने कोणीच विचारलं नाही. माझा पुतण्या आमोद विचारत नाही, कारण तो सभ्य आहे. एकोणीस वर्षं माझ्याबरोबर दुकान चालवणारी खुशनुमा पटवेकर विचारत नाही, कारण ती खुशनुमा आहे. तिला हिंजवडीच्या एका लग्नसमारंभ करून देणाऱ्या कंपनीने मोठी नोकरी देऊ केली आहे आणि २८ तारखेपर्यंत होय-नाही कळवायचं आहे. हे मला समोरच्या कांताबाईंकडून कळलं. खुशनुमा मला काही सांगत नाही, मी तिला काही विचारत नाही. पुण्यात याला समजूतदारपणा म्हणतात.

मृत्युपत्राचा मसुदा वकील श्री. सलिल लवाटे समोर बसून तपासत आहेत. ते चौथ्या कलमात पुन्हा येतील, त्यांची इच्छा नसली तरी.

कलम १. माझी मिळकत म्हणजे कसबा पेठेतील मालकीचा दहा बाय बाराचा गाळा, त्याच्या वरची राहती दोन खोल्यांची जागा, बँकेतील ठेवी, आणि दुकानातला माल व हत्यारं. हे सर्व स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित यात एक पळीसुद्धा नाही, त्यामुळे कोणी वंशावळ घेऊन येऊ नये.

कलम २. राहती जागा माझ्यानंतर पुतण्या आमोद याला द्यावी. ठेवींतून माझं औषधपाणी भागून जे उरेल ते त्याची मुलगी सृष्टी हिच्या शिक्षणासाठी असावं. तिने कोणतं शिक्षण घ्यावं याबद्दल माझं मत कोणी विचारलेलं नाही, म्हणून देत नाही.

कलम ३. माळ्यावर एक जुना बोर्ड आहे. तोही आमोदला द्यावा. माझे यजमान कै. वैजनाथ हे येरवड्याच्या तुरुंगात कारकून होते. (तिथे नोकरीला होते, हे मला आयुष्यभर सांगावं लागलं आहे.) १९८३ साली मी दुकान काढलं तेव्हा त्यांनी हौसेने बोर्ड रंगवला. त्यावर मुंडावळ्यांचे प्रकार, दुकानाच्या वेळा, ऑर्डरीचे नियम, परत न घेण्याचे नियम, आणि शेवटी एक सुभाषित, अशा चौदा ओळी होत्या. दोन महिने लोक समोर उभे राहून बोर्ड वाचत आणि शुद्धलेखन तपासून निघून जात. आत कोणी येईना.

आमच्याच गल्लीत ओट्यावर बसून रेशमी दोऱ्यात दागिने गाठवणारे अकबरचाचा पटवेकर एके दिवशी म्हणाले, "वहिनी, बोर्ड छान आहे, पण सगळंच बोर्डावर वाचून झालं तर माणूस आत कशाला येईल?" त्या रविवारी यजमानांनी नवा बोर्ड रंगवला. त्यावर एकच शब्द: मुंडावळ्या. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण गिऱ्हाईक बोलायला लागलं.

हा बोर्ड आमोदला का, तर तो हिंजवडीत मार्केटिंगमध्येच आहे, आणि मागच्या दिवाळीत त्याने मला लॅपटॉपवर बावीस पानं दाखवली.

"काकू, आपलं टार्गेट ऑडियन्सच क्लिअर नाहीये," तो म्हणाला.

"ज्यांना कपाळ आहे ते सगळे," मी म्हणाले.

"तसं नाही ना काकू! ब्राइड साइड, ग्रूम साइड, डेस्टिनेशन वेडिंग, असं सेगमेंट करायला लागतं."

मी त्याला विचारलं, तुझ्या लग्नात मुंडावळ्या कोणी आणल्या? त्याला आठवेना. कोणालाच आठवत नाही. नवरा-नवरी मुंडावळ्यांचा विचार कधीच करत नाहीत. त्या आठवतात मावशीला किंवा आत्याला, लग्नाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी साडेसातला. म्हणून मुहूर्ताच्या आदल्या दिवशी आपलं दुकान नऊपर्यंत उघडं असतं, आणि शहरातल्या अकरा मंगल कार्यालयांच्या मॅनेजरकडे आपले दोन-दोन जोड कायम ठेवलेले असतात. माझी जाहिरात म्हणजे एवढंच. पोरगं गुणी आहे, त्याने बाविसाच्या बावीस पानं पुसली आणि एकच गोष्ट सांगितली, की मुंडावळ्यांचा फोटो मखमलीवर ठेवून काढू नका, कपाळावर बांधून काढा. ती मी ऐकली, आणि फोनवरच्या ऑर्डरी खरोखर वाढल्या. हे लेखी मान्य करते, कारण तोंडी मी कधीच करणार नाही.

कलम ४. कै. यमुनाबाई लवाटे यांच्या तसबिरीला दर गौरीला माझ्या दुकानातून मोत्यांचा नवा सर जावा. त्यांनी माझा जाहीर अपमान केला होता, त्याबद्दल ही भरपाई आहे. भरपाई त्यांनाच, मला नव्हे. खुलासा असा.

१९८८ साली मला वाटलं, दोरे बांधायची कटकट कशाला, आत इलास्टिक घालावं. टोपीसारखी घातली की झालं. पहिली ऑर्डर यमुनाबाईंच्या नातवाच्या मुंजीची. मी स्वतः आदल्या संध्याकाळी जाऊन बटूच्या डोक्याचं माप घेतलं. बटूला दाट, कुरळे, एवढे मोठे केस. माप अगदी चोख घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी आला आणि त्याने त्याचं काम केलं.

आयुष्यभर मुंजींचा धंदा करणाऱ्या बाईला मुंजीत डोकं भादरतात हे आठवू नये, याला काय म्हणावं? मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मुंडावळी भुवयांवर होती. अंतरपाट दूर झाला तेव्हा ती नाकावर होती. बटू भिक्षा मागायला उठला तेव्हा तिचा हार झाला होता. यमुनाबाईंनी गुरुजींच्या हातातला माइक घेतला आणि चारशे माणसांना सांगितलं, "ही करामत कसब्यातल्या प्रेमलाबाई रिसबुडांच्या दुकानची बरं का! एकच दुकान आहे, चुकू नका."

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी. सगळे हसायला आले होते. आलेल्यांपैकी सात जण ऑर्डर देऊन गेले, कारण पत्ता आता सगळ्यांना पाठ होता.

मी मात्र अकबरचाचांच्या ओट्यावर बसून रडले. ते हसत होते. म्हणाले, "वहिनी, गिऱ्हाइकाचं माप माल देताना घेऊन काय उपयोग? तो वापरेल तेव्हा तो कसा असेल, ते माप घ्यायचं." आणि त्यांनी मला रेशमी दोऱ्याची सरकती गाठ शिकवली. एक टोक ओढलं की घट्ट, दुसरं ओढलं की सैल. ही गाठ त्यांच्या घराण्यातली. ती त्यांनी मला फुकट दिली, आणि माझं दुकान गेली अडतीस वर्षं तिच्यावर उभं आहे.

सदर बटू म्हणजेच वकील श्री. सलिल लवाटे. त्यांनी हे कलम गाळण्याची विनंती केली. विनंती नामंजूर.

कलम ५. समोरच्या कांताबाईंनी वीस वर्षं माझ्या नमुन्यांची नक्कल केली आणि भाव माझ्यापेक्षा कमी लावला. मी भाव कधी उतरवला नाही. त्याऐवजी मी दरवर्षी दसऱ्याला एक नवा नमुना काढला, म्हणजे त्या कायम एक वर्ष मागे राहिल्या. जुन्या नमुन्यांचा पत्र्याचा डबा त्यांना द्यावा. रस्त्यापलीकडून मान वाकडी करून बघण्याचा त्रास संपेल. गुडघ्याचं तेल त्या मला रोज आणून देतात, हेही इथे नोंदवते.

कलम ६. पंचांगं आणि पत्त्यांच्या वह्या खुशनुमाला द्याव्यात. आमोद ज्याला प्लॅनिंग म्हणतो ते हेच. पाडव्याला नवं पंचांग आलं की आधी सगळे मुहूर्त लाल पेन्सिलीने अधोरेखित करायचे. त्यातून मोती किती, कधी घ्यायचे ते ठरतं. लग्नं नसलेले महिने हिरव्या पेन्सिलीने खुणावायचे. मुहूर्त काय, सगळेच बघतात. आपण हिरव्यावर लक्ष ठेवायचं.

यंदा दिवाळीच्या सुमारास गुरू सिंह राशीत जातो आहे. सिंहस्थात जुनी घरं लग्नं-मुंजी टाळतात. मागच्या सिंहस्थात गल्लीतले लोक मला म्हणाले, आता बसा जप करत. मी वही उघडली. आदल्या वर्षी आपल्याकडून मुंडावळ्या नेलेल्या प्रत्येक मुलीचा पत्ता त्यात होता. त्यांची लग्नं होऊन गेली होती, म्हणजे पुढचं काय? डोहाळजेवणं! ती काही गुरूला विचारून थांबत नाहीत. आम्ही मोत्यांचे बाजूबंद, मुकुट, वेण्या केल्या आणि घरोघर पोस्टकार्डं टाकली. त्या वर्षी आम्हाला जेवायला वेळ नव्हता. पोस्टकार्डाची कल्पना खुशनुमाची होती. कार्डावर तिने एकच ओळ लिहिली होती: "तुमच्या लग्नाला आलो होतो, आता बाळाला भेटायचंय." अजून बायका ते कार्ड जपून ठेवतात.

कलम ७. अकबरचाचांचा लाकडी खुंट, ज्याला दोरा अडकवून आम्ही गाठी मारतो, आणि त्याबरोबर गाळा, माल, फोन नंबर आणि दुकानाचं नाव, हे सर्व माझ्या मृत्यूनंतर खुशनुमा हिला द्यावं. ती अकबरचाचांची नात. सोळाव्या वर्षी सुट्टीत मदतीला आली आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मावशी, तुमची गाठ अर्धा पदर ढिली येते. आजोबांची येत नव्हती." मी तिला त्याच दिवशी ठेवून घेतलं. माझ्याशी एवढं खरं बोलणारं माणूस पुन्हा मिळालं नाही. तिच्यावर माझा जीव आहे. हे एकोणीस वर्षांत तिला सांगायचं राहून गेलं.

येथे मृत्युपत्र संपायचं होतं. सलिलने चष्मा काढला आणि विचारलं, "मावशी, हे तिला कळणार कधी?"

"मृत्युपत्र आहे ना? मी गेल्यावर."

"तुमची तब्येत बघता अजून पंधरा वर्षं."

"हो, मग?"

"तिला अठ्ठावीस तारखेला उत्तर द्यायचंय." आणि त्याने एक बोट नाकावर टेकवलं, मुंजीत मुंडावळी आली होती तिथे.

अडतीस वर्षं लोकांना शिकवलं, आणि तिला दुकान कधी लागेल ते न बघता स्वतःच्या दुकानाचं माप पुन्हा न्हावी यायच्या आधीच घेऊन बसले होते! मी तिथल्या तिथे खाली हाक मारली. खुशनुमा हातात अर्धी गाठ घेऊनच वर आली. सलिलने तिला सातवं कलम वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून उभी होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मावशी, मला वाटायचं दुकान आमोददादांचं. म्हणून मी विचारलंच नाही."

"आणि मला वाटायचं तुला हिंजवडी हवी."

"तिथं मला काय करायचंय? त्यांना मुंडावळ्या चायनावरून येतात, माहितीये?" आणि मग ती रडली. मीही. वकिलाने खिडकीबाहेर बघितलं.

आमोदला मी लगेच फोन लावला. तो म्हणाला, "काकू, सॉलिड! मी घाबरलो होतो, तुम्ही मला दिलं असतं तर काय केलं असतं? सरकगाठ मला आजपर्यंत जमलेली नाही."

कलम ८. सबब कलम ७ रद्द. गाळा, माल, खुंट, फोन नंबर आणि नाव मी जिवंतपणीच, नोंदणीकृत बक्षीसपत्राने खुशनुमा हिला देत आहे. मी म्हणाले, उद्याच जाऊ नोंदणीला. ती डोळे पुसत म्हणाली, "उद्या नाही. गुरुवारच्या दोन मुंजींचा माल उद्या द्यायचाय, दोन्ही बटूंची डोकी, केस वजा करून, बघून यायचीत. बुधवारी जाऊ." मालकीण म्हणून तिचं हे पहिलं वाक्य. मला त्यात काहीही दुरुस्ती सुचली नाही.

पाय बरा झाल्यावर मी तिच्याकडे कामाला जाणार आहे. वेळ दहा ते सहा. गाठ ढिली आली तर तिने बोलावं.

कलम ९. तेव्हा दुकानाविषयी या मृत्युपत्रात वाटणी करण्यासारखं काही शिल्लक नाही. देऊन झालं. बाकीची कलमं माझ्या मृत्यूनंतर अमलात आणावीत, घाई नाही.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, आणि त्यातल्या प्रत्येक टोमण्यासह मान्य आहे.

(सही) प्रेमला वैजनाथ रिसबूड

आमच्या दोघांच्या समोर श्रीमती रिसबूड यांनी हसत सही केली, आणि त्यांच्या समोर आम्ही केली.

साक्षीदार १: (सही) डॉ. सुरुची केतकर. लिहून देणाऱ्या पूर्ण शुद्धीत आहेत. सहीच्या वेळी रक्तदाब गेल्या महिन्यापेक्षा उत्तम.

साक्षीदार २: (सही) अॅड. सलिल लवाटे. कलम ४ मधील मजकूर खरा आहे. हरकत मागे घेतली.

स्थळ: कसबा पेठ, पुणे
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२६