गाठी न आलेल्या कोंबड्या

२ जून
आजपासून आळस बंद. पीएच.डी.चं सहावं वर्ष. हे एक्स्टेन्शन शेवटचं, असं गाइड मॅडमनी दोनदा सांगितलं. एकदा पुरे होतं.
प्रयोग सोपा. कोंबड्यांना गाठी आणणाऱ्या विषाणूतला एक जीन या सगळ्याच्या मुळाशी आहे, हे माझं म्हणणं. तो मी कापून काढलाय. डावीकडच्या कोंबड्यांना अख्खा विषाणू, उजवीकडच्यांना कापलेला. डावीकडे गाठी, उजवीकडे नाहीत, की मी डॉक्टर.
पिल्लांसाठी हॅचरीचा फॉर्म भरला. दिसेल त्या चौकोनात टिक. अर्धवट काम आपल्याला जमत नाही.

९ जून, सकाळी ११
पिल्लं आली. पक्षीगृह सांभाळणारे काका खोक्यावरचं काहीतरी वाचून दाखवायला लागले. म्हटलं, काका, सायन्स खोक्यावर छापलेलं नसतं. विषाणू टोचला.

३० जून
रोज सातला वजनं घ्यायचा निश्चय. नऊला घेतो. कोंबड्यांची तक्रार नाही.

२१ जुलै
उजवीकडे एकीलाही गाठ नाही. म्हटलं नव्हतं! डावीकडच्याही टुणटुणीत आहेत, पण त्यांना वेळ लागत असेल. बायको म्हणाली, मग दोन्हीकडे सारखंच झालं की. ती इतिहास शिकवते. वाद घातला नाही.

४ ऑगस्ट
डावीकडची एक अंगावर धावून आली. तब्येत फारच उत्तम.
हटणार नाही. माझी देखभालच अशी की विषाणूनं हात टेकले. तशी स्लाइड केली. मॅडमना पटेलच. न पटून जातात कुठे?

१२ ऑगस्ट
ती स्लाइड मॅडमनी बघितली. मग काकांना बोलावलं. काकांनी खोक्याचा पुठ्ठा जपून ठेवला होता. त्यावर छापलेलं: 'गाठींच्या रोगाची लस दिलेली पिल्लं'.
हॅचरीवर भडकलो. कोर्टात खेचतो म्हणालो. मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. लसीच्या चौकोनात टिक. माझीच, ठसठशीत.
मग काकांवर घसरलो, आधी सांगता येत नव्हतं का? काका म्हणाले, सांगतच होतो.

१३ ऑगस्ट
एक्स्टेन्शन संपलं. प्रयोग पुन्हा होणार, पण लॅबमधल्या ज्युनिअरच्या नावावर. विषाणू माझा, डॉक्टर ती. वाईट वाटलं. खूपच.
मॅडमना खरमरीत पत्र लिहायचं ठरवत होतो, तेवढ्यात ज्युनिअर हॅचरीचा फॉर्म घेऊन आली. म्हणाली, सर, यातला अनुभव तुम्हालाच, एकदा नजर टाका.
टाकली. दुरुस्तीसाठी पेन मागितलं. दिलं नाही. मॅडमनी बजावलंय म्हणे.