डब्बा टीव्ही भंगारात देऊ नये

मी, इंद्रजीत गोमा घरत, वय सव्वीस, शिक्षण सातवीपर्यंत, राहणार पळस्पे, तालुका पनवेल, सध्या कामानिमित्त ओमान, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेलो नाही, कुणी बसवून लिहून घेतलेलं नाही. उद्या सकाळी तेलाच्या टाकीत साफसफाईला उतरायचंय. गेल्या आठवड्यात त्याच टाकीतून एकाला बेशुद्ध बाहेर काढला. म्हणून ही घाई.

१) बँकेत असेल ते आणि कंपनी देईल ते सगळं आई हौसाचं. चुलतभाऊ अविनाश उसने मागायला येईल. देऊ नये.

२) माझे पाने, पक्कड आणि ड्रिल मशीन शेजारी दोस्त अंकुशला. ड्रिल तसंही त्याच्याकडेच आहे, परत कधी दिलंय?

३) माळ्यावरचा डब्बा टीव्ही, त्याला जोडायचा व्हिडिओ गेम, दोन रिमोट आणि पिवळ्या पिनची वायर बहीण रोहिणीला. आईने रविवारी भंगारवाला बोलावलाय. त्याला दारातूनच परत पाठवावा.

कारण लिहितो. गणपतीत अविनाशने आपला गेम नवीन पनवेलच्या त्याच्या फ्लॅटवर नेला आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीत पिवळी पिन बसत नाही म्हणून मध्ये कन्व्हर्टर लावून जोडला. गेममधल्या धबधब्याजवळच्या तुटक्या पुलावरून रोहिणी लहानपणापासून डोळे झाकून उड्या मारत जायची. त्या दिवशी दर खेपेला दरीत पडली. अविनाश ओरडला, "रोहे, म्हातारी झाली गं तू!" सगळे हसले. ती मला फोनवर म्हणाली, "दादा, बटन दाबते, पन हात मागं ऱ्हातो. धबधब्याचं पानी पन फुटल्यासारकं दिसतं. बाबांचं असंच चालू झालं व्हतं ना?"

बाबांचे हात इतके थरथरायचे की शेवटी चहा आईच पाजायची. त्या भीतीने रोहिणी उरणच्या स्थळाला रविवारी नकार कळवणार आहे. मुलगा तिला आवडलाय. खरं कारण फक्त मला माहीत.

आज सुट्टी होती. कॅम्पात माझ्यासोबत काम करणाऱ्या जमालने तसाच गेम आणलाय. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर मी दरीत, जमालपण दरीत. म्हणाला, "इंद्या, तुझ्या बाबांची थरथर मला पन लागली काय रे?" मग गेम वॉचमनच्या केबिनमधल्या जुन्या डब्ब्याला पिवळ्या वायरने थेट जोडला. बटण दाबलं की उडी! पाणीपण एकजीव. मोठा टीव्ही लहान चित्र ताणतो, म्हणून पाण्याच्या रेघा सुट्या सुट्या दिसतात. डब्ब्यात त्या एकमेकीत मिसळतात. आणि ताणायला वेळ लागतो. बटण वेळेवर, चित्र उशिरा. रोहे, हात गेलेला नाही गं तुझा.

हे फोनवर सांगितलं तर म्हणते, "तू माजं मन राखतोस." जिवंत भावाचं ऐकत नाहीस, तर मृत्युपत्राचं ऐक.

४) पहिली दोन कलमं मी मेल्यावर. तिसरं आत्ता. याचा फोटो अंकुशला पाठवतोय. त्याने टीव्ही माळ्यावरून उतरवावा, कन्व्हर्टरला हात न लावता पिवळी पिन थेट टीव्हीत घालावी आणि रोहिणीला त्या पुलापाशी बसवावं. पार झाली, तर स्थळाला काय ते तिने आपल्या मनाने सांगावं. पडली, तर मला खोटं कळवू नये. सकाळी गेटवर मोबाइल जमा करून घेतात. त्याआधी एकच शब्द पाठवा: पार, की दरीत.

सही: इंद्रजीत गोमा घरत

साक्षीदार:
१) जमाल, उरण. दरीत मीपण पडलो, हे खरं आहे.
२) अमन, वॉचमन. टीव्ही माझ्या केबिनमधला.

ठिकाण: लेबर कॅम्प, ओमान
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार