भागूबाईच्या दगडाची नकाशावर नोंद

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, हिंगोली, जि. परभणी.

विषय : बेटावरील होडीच्या जागेचे नाव दुरुस्त होणेबाबत, तसेच अर्जदाराविरुद्धची तक्रार खरी असल्याबाबत.
संदर्भ : रखमाजी पाटील यांची दि. ८ ऑक्टोबर १९७५ ची तक्रार.

महोदय,

अर्जदार जळबा रामजी खंदारे, धंदा होडी चालवणे, रा. कसबे वेलघाट, कळवतो की पाटलांची तक्रार शब्दन् शब्द खरी आहे. चौकशीसाठी जीपचे डिझेल जाळू नये.

१. वेलघाट जुना कसबा. दगडी घाट, निजामाची करोडगिरी म्हणजे जकात कचेरी. धरणाचे पाणी चढले आणि कसब्याचे बेट झाले. घाट बुडाला. आता होडी लागते ती फक्त बौद्ध वस्तीपुढच्या काळ्या दगडाला.

२. उन्हाळ्यात नदी आटली की घाटावरच्या बारवेलाच पाणी असे. अर्जदाराची आई भागूबाई हिला बारवेला शिवण्याची मनाई. ती घागर घेऊन याच दगडावर बसे. पाटलांनी मान हलवली तर त्यांचा गडी बारवेचे पाणी आणून घागरीत वरून ओती. एका चैत्रात पाटलांनी तिला सकाळपासून उन्हे कलेपर्यंत बसवून ठेवले आणि मान हलवलीच नाही. अर्जदार तेव्हा पोटात होता. त्याला ते आठवत नाही, पण तो विसरलेलाही नाही.

३. मागील महिन्यात मोजणीदार आले. पाटील दगडावर उभे राहून म्हणाले, "पाटील धक्का, लिवा." मोजणीदार गढीवर जेवले आणि त्यांनी तसे लिहिले.

४. म्हणून मंगळवारी अर्जदाराने होडी दगडापासून दोन हात लांब धरली व प्रत्येकाला जागेचे नाव विचारले. लोकांनी "भागूबाईचा दगड" म्हटले आणि होडीत बसले. पंचफुलाबाई दूधवाली तर दोनदा म्हणाली. पाटील म्हणाले, "काहून? तुला दिसून नाही राहिलं का?" अर्जदार म्हणाला, "दिसून राहिलं. पण तुमच्या तोंडून पायजे." पाटील दगडावर बसले. उठून घरी जावे तर हार, नाव घ्यावे तर हार. अर्जदाराने चार फेऱ्या मारल्या. पाटील बसूनच.

५. दुपारी त्यांचा घसा सुकला. दगडाखालचे पाणी शेवाळलेले. तेव्हा भागूबाई घरातून घागर घेऊन आली. अर्जदार म्हणाला, "माय, नको देऊ." ती म्हणाली, "गप ऱ्हाय. कसं द्यायचं ते मला ठावं हाय." पाटलांनी ओंजळ धरली. तिने हातभर वरून ओतले. घागर लागू दिली नाही. पाटील प्याले.

६. पाटील तक्रारीत लिहितात की असे वरून पाणी ओतणे हा माणसाचा अपमान आहे. अर्जदाराला हे पूर्ण मान्य आहे. चाळीस वर्षांनी का होईना, ते पाटलांच्या सहीने सरकारी दप्तरात आले. तो कागद गहाळ होऊ नये.

सबब विनंती की नकाशावरचे नाव दुरुस्त व्हावे. अर्जदाराला माफी नको. दंड करा, परवाना काढून घ्या, कैद द्या. मात्र हुकुमात गुन्ह्याची जागा लिहावीच लागेल, तेथे लिहावे : भागूबाईचा दगड. आणि त्या हुकुमाची एक नक्कल पाटलांना घरपोच द्यावी.

सहीपुरता नम्र,
जळबा रामजी खंदारे
दि. १३ ऑक्टोबर १९७५

सोबत : १) होडीचा परवाना, मूळ. काढून घेणे सोपे जावे म्हणून.
२) भागूबाईचा अंगठा, तिला वाचून दाखवून घेतलेला.