हेरन्स वर आल्याशिवाय दाढी नाही

३ एप्रिल, गुरुवार

बेसबॉलचा सीझन सुरू. पहिला सामना आपल्याच मैदानावर, आणि हेरन्स हरले. नऊ-एक. हरकत नाही. सप्टेंबरपर्यंत सामने पडलेत, एकाने काय होतंय. शिवाय थंडी होती, तळ्यावरचा वारा थेट मैदानात घुसत होता. नवीन बॅटर क्लॅगेट चार वेळा आला आणि चारही वेळा हवेत बॅट फिरवून परत गेला. पण फिरवली काय सुंदर. असा माणूस एकदा फॉर्मात आला की बघायला नको.

माझ्या सलूनमध्ये रेडिओ लावला होता. व्हिक म्हणाला, "यंदाही तेच दिसतंय, लेन." व्हिक म्हणजे माझ्या बायकोचा, रोझलीचा भाऊ. दुसरी खुर्ची त्याची. मी म्हटलं, तू गिऱ्हाइकाच्या कानाकडे लक्ष दे.

संकल्प: यंदा एकही सामना चुकवायचा नाही.

६ एप्रिल, रविवार

आज हरलो. कालही. अंपायर आंधळा होता. रेडिओवर ते दिसत नाही, पण कॉमेंट्रीवाल्याच्या आवाजावरून कळतं.

मेरियन जेवायला आली होती, डेरेकला घेऊन. आमची एकुलती एक मुलगी. लग्न सतरा मेला. मुलगा चांगला आहे, फक्त टोलंडचा आहे. टोलंडची माणसं त्यांच्या आयर्नमेन टीमच्या बाजूची. लहानपणापासून जिंकायची सवय, त्यामुळे स्वभावाला खोली येत नाही. बटाटे वाढून घेता घेता विचारतो, "काका, हेरन म्हणजे बगळाच ना? बगळा निदान एका पायावर उभा तरी राहतो." सगळे हसले. मीही हसलो, होणारा जावई आहे. बगळा कसा शांत उभा राहतो आणि वेळ आली की मासा उचलतो, हे उत्तर मला सुचलं, पण तोवर ते गाडीत बसून गेले होते. पुढच्या रविवारी सांगेन.

९ एप्रिल, बुधवार

अजून एकही विजय नाही. पण आजचा दिवस ऐतिहासिक.

दुपारी दुकान भरलेलं. पालको माझ्या खुर्चीत होता, तोंडाला फेस. फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेला माणूस, आवाज अजून आग विझवायला निघाल्यासारखा. म्हणाला, "लेन, ही टीम बुडाली. एकदा कबूल करून टाक, तुलाच बरं वाटेल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वस्तरा पुसला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, हेरन्सचे विजय पराभवांपेक्षा जास्त होत नाहीत तोवर लेनर्ड डोंबेकच्या गालाला वस्तरा लागणार नाही.

पालको फेसातूनच हसला. मग व्हिक म्हणाला, "न्हाव्याने दाढी वाढवायची? म्हणजे दातांच्या डॉक्टरने बोळकं घेऊन बसायचं." त्याला शब्दाची किंमत नाही.

घरी रोझलीला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "लग्न सतरा मेला आहे." मी म्हटलं, तोवर आपण पहिल्या नंबरवर असू. ती पुढे काही बोलली नाही. पटलं असावं.

१३ एप्रिल, रविवार

एक जिंकलो होतो शुक्रवारी. मग दोन हरलो. पण जिंकायचं कसं ते टीमला आता माहीत झालंय, महत्त्वाचं ते आहे.

दाढी खाजते. पांढरी निघाली, मला काळीची अपेक्षा होती.

डेरेकला बगळ्याचं उत्तर दिलं. त्याला संदर्भ आठवेना. समजावून सांगावं लागलं.

१६ एप्रिल, बुधवार

पालको हल्ली व्हिकची खुर्ची रिकामी व्हायची वाट बघतो. माझी रिकामी असते तरी. निवृत्त माणसाला वेळ घालवायला काहीतरी लागतं.

रेडिओची जागा बदलली पाहिजे. रेडिओ खिडकीत असताना हरलो, काउंटरवर असताना हरलो. जिंकलो तेव्हा तो मागच्या खोलीत टॉवेलांच्या ढिगावर होता. उद्यापासून टॉवेल.

१९ एप्रिल, शनिवार

उद्या इस्टर. सणाच्या खाण्याच्या टोपल्या चर्चमध्ये आशीर्वादाला नेल्या. रोझलीने नेहमीप्रमाणे अंडी, हॅम, सॉसेज आणि लोण्याचं कोकरू असं सगळं नीट मांडलं होतं. मी वरून हेरन्सची टोपी ठेवली. रोझलीला ते चर्चमध्ये गेल्यावर दिसलं, त्यामुळे तिला फार बोलता आलं नाही.

फादर झिगमंट पाणी शिंपडत रांगेतून आले, टोपलीपाशी थांबले. म्हणाले, "लेनर्ड, मी फक्त खायच्या वस्तूंना आशीर्वाद देतो." मी म्हटलं, फादर, या टोपीने गेले पंधरा दिवस मला खाल्लंय. ते हसले आणि दोन शिंतोडे जास्तीचे मारले.

दुपारी जिंकलो. क्लॅगेटने पहिला होमरन मारला, चेंडू थेट पार्किंगमध्ये. मी टॉवेलांच्या खोलीत एकटाच उभा राहून टाळ्या वाजवल्या.

आता थांबणार नाही ही गाडी.

२६ एप्रिल, शनिवार

थांबली. आठवडाभर. तात्पुरती.

आज मेरियनचं सामान टोलंडला नव्या फ्लॅटवर न्यायचं होतं. डेरेक कामावर होता, म्हणून सोफा मी आणि व्हिक उचलणार असं ठरलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा सामना बरोबरीत, शेवटची इनिंग. मी गाडीत थांबलो. अशा वेळी रेडिओ बंद करणं म्हणजे टीमला वाऱ्यावर सोडणं. मग जादा इनिंग्ज सुरू झाल्या. मेरियन दोनदा खाली आली. दुसऱ्यांदा काच खाली करायला लावून म्हणाली, "बाबा, जिना अरुंद आहे, व्हिकमामाला एकट्याला जमत नाहीये." मी म्हटलं, दोन मिनिटं. तिने घड्याळ बघितलं. मग डेरेकच्या वडिलांना फोन करते म्हणाली. तेही तिकडे यायला निघालेच होते म्हणे.

हरलो. वर गेलो तर सोफा जागेवर होता. म्हणजे माझ्यावाचून अडलं नव्हतं. डेरेकचे वडील नुकतेच परत गेले होते, त्यामुळे भेट झाली नाही.

व्हिक परत येताना बोलला नाही. कंबर धरली असेल.

२ मे, शुक्रवार

अन्याय. काल आपण चार रन्सनी पुढे होतो आणि पाऊस आला. सामना रद्द, पुन्हा पहिल्यापासून. पुढे असलेल्या टीमला तेवढा विजय द्यायला काय जातं? लीगला कडक पत्र लिहिणार आहे. रविवारी.

आज एक नवीन गिऱ्हाईक आलं. मी माझ्या खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. तो व्हिकला म्हणाला, "यांचं आधी करा, हे बिचारे कधीचे आलेले दिसतात." व्हिक इतका हसला की त्याला कात्री खाली ठेवावी लागली.

दाढी आता गालभर दाट झाली आहे. चेहऱ्याला वजन आलंय असं माझं मत.

४ मे, रविवार

पत्र लिहायचं राहिलं. दोन सामने होते, दोन्ही हरलो.

८ मे, गुरुवार

रोझली आज जेवताना स्पष्ट बोलली. "चर्चमध्ये मुलीला हात धरून वेदीपर्यंत तू नेणार आहेस. लोकांना वाटेल रस्त्यावरून कुणाला तरी धरून आणलंय." मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. मी आज मागे हटलो तर उद्या क्लॅगेटने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? ती म्हणाली, "क्लॅगेटला तू माहीतही नाहीस, लेन." या बाईला खेळ कळत नाही.

मेरियनला फोन लावून तिने माझ्या हातात दिला. मला वाटलं ती आईची बाजू घेणार. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुला हवं ते कर." रागावली असावी. किंवा नसावी. फोनवर चेहरा दिसत नाही.

निर्णय: दाढी राहणार. माझ्या बापाने याच टीमसाठी याहून वाईट दिवस काढले. तो कधी हटला नाही, आणि त्याला तर रेडिओही नीट लागत नसे.

१४ मे, बुधवार

हरलो.

संध्याकाळी मेरियन दुकानात आली होती, व्हिकला लग्नाच्या सूटची पावती द्यायला. मी मागे टॉवेलांत होतो. ती व्हिकला सोफ्याचं सांगत होती, नीट बसला म्हणून. व्हिक म्हणाला, तुझ्या बापाने यायला हवं होतं त्या दिवशी. ती म्हणाली, "बाबा वर येईल असं मी धरलंच नव्हतं, मामा." रागाने नाही. पाऊस येणार होताच, असं म्हणावं तसं.

मी रेडिओ बंद केला. सातवी इनिंग चालू होती. खरखर फार येत होती.

१५ मे, गुरुवार

आज शांतपणे हिशेब केला. मूळ प्रतिज्ञा काय होती? विजय पराभवांपेक्षा जास्त. कुठले सामने, ते मी बोललो नव्हतो. मार्चमध्ये फ्लोरिडात सरावाचे सामने झाले, त्यात आपण सपाटून जिंकलो होतो. ते सामने नव्हते का? घाम तोच, बॅट तीच, अंपायरही पगारीच. ते धरले की फरक जवळजवळ भरून निघतो. तरी दोन कमी पडत होते. मग पावसातला तो सामना धरला, त्यात आपण पुढे होतो. आणि सहा एप्रिलचा, आंधळ्या अंपायरचा. तो उलटा धरला.

हेरन्स एकाने वर आहेत.

मी माघार घेतलेली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. प्रतिज्ञा पूर्ण झाली आहे.

१६ मे, शुक्रवार

दाढी केली. स्वतःच, दुकान उघडायच्या आधी, गरम टॉवेल लावून. व्हिक आला, बघितलं, आणि त्याने माझ्या मानेवरचा राहिलेला फेस पुसला. हिशेब समजावून सांगायला गेलो तर म्हणाला, "राहू दे, लेन."

रोझलीने गालावरून हात फिरवला. चर्चमध्ये लग्नाची तालीम संध्याकाळी होती, पण मी गेलो नाही. फादरना नंतर कळवीन. मेरियनला उद्याच दाखवायचं आहे, अचानक.

रोझलीचे टिओडोरकाका आले आहेत, तीन राज्यं ओलांडून, बसने. मधमाश्या पाळतात. दाढी छातीपर्यंत. आमच्याकडे टीव्हीवर सामना चालू होता. बराच वेळ बघून त्यांनी मला विचारलं, हे लोक कुणाची वाट बघतायत.

१८ मे, रविवार

लग्न काल झालं. छान झालं. हवा चांगली होती.

मेरियन चर्चच्या मागच्या खोलीत तयार होऊन उभी होती. मला बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. "बाबा, दाढी कुठे गेली?" मी म्हटलं, तुझ्यासाठी काढली. हिशेबाचं बोललो नाही, वेळ नव्हता. ती म्हणाली, "काल तालमीत मी डेरेकच्या घरच्या सगळ्या हॉगेन मंडळींना सांगत होते. आमच्या घरी एक दाढीवाला वेडा आहे, पण बोलला की फिरत नाही. डेरेकचे वडील तर तुला बघायलाच लवकर आलेत." मग तिने माझा टाय सरळ केला. टाय तिनेच पाठवला होता, हेरन्सच्या निळ्या रंगाचा. काल सकाळी रोझलीने बांधला तेव्हा माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. "चल," ती म्हणाली, आणि आम्ही चाललो. हात तिचा थंड होता. मी एकदाही अडखळलो नाही.

पार्टीत डेरेकच्या वडिलांना शोधत गेलो. आर्ने हॉगेन. उंच माणूस, टोलंडच्या पोलाद कारखान्यात आयुष्य गेलेलं. ते बारपाशी होते आणि टिओडोरकाकांचा हात दोन्ही हातांत धरून हलवत होते. मी जवळ पोचलो तेव्हा सांगत होते, "आमच्याकडे लोक तिसऱ्या पराभवाला टोपी कपाटात टाकतात. तुमच्यासारखा माणूस मी बघितला नाही." काका हो-हो करत होते. त्यांच्यासमोर बिअरचे तीन ग्लास होते, तिन्ही हॉगेन मंडळींनी आणून दिलेले. काका म्हणाले, "थंडीत जरा त्रास होतो, पण मी सोडत नाही." मधमाश्यांबद्दल बोलत होते. हॉगेनच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, मी लेन डोंबेक, मेरियनचा बाप. हॉगेननी माझ्याशीही हात मिळवला, माझ्या गालांकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही रंगाचं वगैरे काम करता ना?" मी म्हटलं, न्हावी. आणि ती दाढी माझी होती. ते हसले. चांगला विनोद आहे म्हणाले. मग काकांकडे वळून विचारलं, यंदा पुढे काय वाटतं तुम्हाला. काकांनी विचार करून सांगितलं, "जूनमध्ये फुलं आली की सगळं ठीक होईल." टेबलावरच्या सगळ्या हॉगेन लोकांनी ग्लास वर केले.

मी हिशेब समजावून सांगायला सुरुवात केली, फ्लोरिडापासून. फादर झिगमंट शेजारी केक खात होते. ते म्हणाले, "लेनर्ड, ते उद्या सांगा. आत्ता मुलीबरोबर नाचायचं आहे तुम्हाला." नाचलो. मेरियन म्हणाली, छान दिसतोस. दोनदा म्हणाली. मग म्हणाली, "टोलंडला येशील ना आमच्याकडे? वर येशील ना?" मी म्हटलं, येईन. 

हेरन्स काल जिंकले, असं व्हिक म्हणाला. मी ऐकलं नव्हतं. ऐकायचा राहिलेला पहिला सामना.

आज सकाळी रोझलीच्या फोनवर फोटो आले. एक फार चांगला आहे, तो मोठा करून हॉलमध्ये लावायचा म्हणते. मधे मेरियन, एका बाजूला हॉगेन, दुसऱ्या बाजूला टिओडोरकाका. काकांच्या डोक्यावर हेरन्सची टोपी आहे, ती त्यांना कुणी दिली कळत नाही. कडेला माझा एक गाल आला आहे. छान गुळगुळीत.